तेवीस तक्ते आणि एक शोधनिबंध: कुठला तक्ता कुठं बसतो?

दिवाळीची सुट्टी संपली त्याच आठवड्यात सांगोल्याकडची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पीएच.डी.चा प्रबंध जमा झाला होता आणि आता त्यातून एक शोधनिबंध काढून जर्नलला पाठवायचा होता. विषय होता तेल्या, म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग. फाईल उघडून ती म्हणाली, "मॅडम, लिहून झालंय सगळं. फक्त हे तक्ते कुठं बसवायचे तेवढं सांगा." मी मोजले. तेवीस तक्ते निघाले. मजकूर अकरा पानांचा आणि तक्ते सतरा पानांचे.

मी सोलापुरात संख्याशास्त्र शिकवते. शेती, वैद्यक, रसायन, समाजशास्त्र अशा सगळ्या शाखांची मुलं आकडे घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न असाच "फक्त तेवढं" म्हणून येतो. पण तक्ता कुठं बसवायचा हे ठरवायला बसलं की आपला निबंध नेमकं काय म्हणतोय हेच पुन्हा ठरवावं लागतं. त्या दुपारी आम्ही दोघींनी तेवीस तक्ते एकेक करून पाहिले. इथंही त्याच वाटेनं जाते.

आधी तेवीस झाले कसे ते बघू. प्रबंधात सगळं दाखवावंच लागतं. परीक्षकाला खात्री हवी असते की उमेदवारानं काम स्वतः केलंय, काही लपवलेलं नाही, प्रत्येक पायरी ओलांडली आहे. म्हणून प्रबंधात चाळीस तक्ते असले तरी कुणाची हरकत नसते. शोधनिबंध वाचणारा माणूस वेगळा. तो कर्नाटकात किंवा इराणमध्ये डाळिंबावरच काम करत असतो, त्याला एक गोष्ट कळून घ्यायची असते आणि हातात वीस मिनिटं असतात. आपण किती राबलो हे त्याला मोजायचं नसतं. जर्नलंही त्याच हिशेबानं मर्यादा घालतात. अमेरिकेतल्या जामा या वैद्यकीय जर्नलात मूळ संशोधनाच्या लेखाला तक्ते आणि आकृत्या मिळून पाचच जागा असतात.

हे सांगायला सोपं आहे, ऐकणाऱ्याला जड जातं. त्या तेवीसांतल्या एका तक्त्याच्या एका रकान्यासाठी ही मुलगी भर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्याच झाडांपाशी जाऊन पानांवरचे तेलकट डाग मोजत होती. चिखलात गाडी रुतायची, मग भाऊ ट्रॅक्टर घेऊन यायचा. तो रकाना निबंधातून काढ असं तिला सरळ सांगणं मला जमलं नाही. तो कुठं ठेवायचा, एवढंच आम्ही शोधत गेलो.

मुळात तक्ता हवाय का?

पहिले चार तक्ते याच प्रश्नावर गळाले. एका तक्त्यात दोन ओळी आणि दोन रकाने होते, म्हणजे सगळे मिळून चार आकडे. ते एका वाक्यात मावतात. वाक्यात मावेल तेवढ्या आकड्यांसाठी तक्ता केला तर वाचकाला उगाच मजकूर सोडून उडी मारावी लागते आणि परत येऊन कुठवर वाचलं होतं ते शोधावं लागतं.

दुसरा होता महिन्यागणिक पावसाचा आणि हवेतल्या आर्द्रतेचा. दोन वर्षांचे चोवीस महिने आणि पाच रकाने. यातून वाचकानं एखादा आकडा उचलावा अशी अपेक्षा नव्हती. पाऊस वाढला की रोग कसा चढतो आणि उघडीप पडली की कसा ओसरतो, ती चाल दिसायला हवी होती. चाल दाखवायला आलेख हवा. नेमका आकडा वाचकाच्या हाती द्यायचा असेल किंवा तीन-चार गोष्टी शेजारीशेजारी ठेवून ताडून बघायच्या असतील, तर तक्ता.

याचं एक सुंदर उदाहरण मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढते. फ्रँक अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये चार छोटे डेटासंच रचून दाखवले. प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५, सहसंबंध ०.८२ च्या आसपास आणि त्यातून जाणारी सरळ रेषाही तीच. सारांशाच्या तक्त्यात चौघं जुळी भावंडं वाटतात. आलेख काढला की एकात बिंदू रेषेभोवती साधेपणानं पसरलेले दिसतात, दुसऱ्यात ते कमानीसारखे वळतात. तिसऱ्यात दहा बिंदू एका ओळीत शहाण्यासारखे उभे आणि एकच वर पळालेला. चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे आणि लांबचा एकटा बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतोय. फळ्यावर चौथं चित्र पूर्ण होतं तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि तो क्षण मला फार आवडतो.

पण म्हणून सगळ्याचे आलेख करत सुटायचं नाही. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून एकच उत्तर काढणारे संशोधक असतात. त्यांना प्रत्येक अभ्यासातून तीन आकडे लागतात: नमुने किती, सरासरी किती आणि प्रमाण विचलन किती, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत. आपण नुसता स्तंभालेख छापला तर त्यांना स्क्रीनवर स्तंभांची उंची मोजत बसावं लागतं आणि त्या मोजण्यात चूक होते. निबंधाचा मुख्य निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभा आहे ते आकडे तक्त्यात असावेत, असं माझं ठाम मत आहे. एकच माहिती तक्त्यातही आणि आलेखातही देऊ नये, कारण त्यानं जागा जाते आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का हे तपासण्यात वाचकाचा वेळ जातो.

सारांशावर बोट ठेवून

उरले एकोणीस. इथं मी एक काम करायला लावते. निबंधाचा सारांश कागदावर छापून घ्यायचा, पहिल्या विधानावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हे मी कशाच्या जोरावर म्हणते? ज्या तक्त्याच्या जोरावर म्हणता, त्याचा क्रमांक समासात लिहायचा. मग पुढचं विधान.

तिच्या सारांशात चार विधानं होती. रोगाची तीव्रता मृग, हस्त आणि आंबे या तीन बहारांत, म्हणजे डाळिंबाची फुलं-फळं धरण्याच्या तीन हंगामांत, वेगवेगळी असते, हे पहिलं. पावसाळी हवेत तेल्या जोर धरतो, त्यामुळे जून-जुलैत धरलेल्या मृग बहाराला त्याचा जास्त तडाखा बसतो हे इथल्या बागायतदारांना ठाऊकच आहे. तिनं ते मोजून दाखवलं होतं. बाकीची विधानं हवामानाशी असलेला संबंध, फवारणीचं वेळापत्रक आणि खर्च यांच्याबद्दल. समासात पाचच तक्त्यांचे क्रमांक आले. त्यांतल्या दोघांच्या ओळी सारख्याच होत्या, बहार आणि तालुका, फक्त रकाने वेगळे. ते जोडून एक केला. म्हणजे निबंधाच्या अंगात बसणारे निष्कर्षांचे तक्ते चार.

समासात ज्यांचा क्रमांक आला नाही ते तक्ते निरुपयोगी होते असं मुळीच नाही. ते सारांशातलं कुठलं विधान पेलत नव्हते, इतकंच. त्यांच्याकडे वळण्याआधी निबंधाच्या आत कुठला तक्ता कुठल्या भागात जातो ते सांगते, कारण त्यात मुलं हमखास अडखळतात.

नेहमीची मांडणी प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष, चर्चा अशी असते. बागा कुठल्या, वाण कुठला, झाडांचं वय किती, माती कशी, हे मी काम सुरू करण्याआधी ठरवलं होतं, म्हणून तो तक्ता पद्धतीत. डाग मोजून जे हाती आलं ते निष्कर्षांत. माझे आकडे इतरांच्या प्रसिद्ध आकड्यांशेजारी ठेवायचे असतील तर तो तक्ता चर्चेत शोभतो. चर्चेत स्वतःचे नवे आकडे मात्र आणू नयेत. जे आधी दाखवलंच नाही त्यावर चर्चा सुरू झाली की जर्नलसाठी निबंध तपासणारा समीक्षक लगेच थांबतो.

एक जागा खरोखर अवघड आहे. वैद्यकीय निबंधात पहिला तक्ता बहुधा रुग्णांची ओळख करून देतो: वय, स्त्री-पुरुष, मधुमेह किती जणांना, रक्तदाब किती जणांना. ही तर अभ्यासाआधीची माहिती, मग ती पद्धतीत का नको? वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी कॉन्सॉर्ट नावाची मार्गदर्शक सूची १९९६ पासून आहे. ती हा तक्ता निष्कर्षांत धरते. कारण विचार केला की पटतं. कुणाला घ्यायचं याचे निकष आपण आधी ठरवतो, पण प्रत्यक्षात दारात कोण आलं हे आपल्या हातात नसतं. ते कळतं नोंदणी झाल्यावर, म्हणजे तोही हाती आलेला निष्कर्षच. याच तक्त्यात चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांसाठी पी-मूल्यं, म्हणजे फरक योगायोगाचा असू शकेल का हे जोखणारे आकडे, भरायची एक जुनी सवय आहे. गट चिठ्ठीनं पाडले असतील तर त्यांच्यातला फरक योगायोगाचाच असणार. तो योगायोग आहे का हे पुन्हा तपासण्यात काही अर्थ नाही. ती पी-मूल्यं काढून टाका, एक रकाना मोकळा होईल.

मागावर टांगलेली कार्डं

आता उरलेले चौदा. इथं मला आमच्या शहरातलीच एक गोष्ट आठवते.

सोलापुरी चादर जकार्डवर विणली जाते. लहानपणी शेजारच्या कारखान्यात मी तासन्‌तास बघत उभी राहायचे. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ टांगलेली असायची. खटका पडला की एक कार्ड पुढं सरकायचं. जिथं भोक तिथला ताण्याचा धागा वर उचलला जायचा, जिथं भोक नाही तिथला खालीच राहायचा, आणि मधून धोटा बाणा घेऊन सटकन जायचा. चादरीवरचा मोर म्हणजे त्या शेकडो कार्डांचा एकूण परिणाम. चादर घेणाऱ्याला कार्डं कुणी देत नाही. तो मोर बघतो, ऊब बघतो, वीण बघतो. पण दुसऱ्या विणकराला अगदी तीच चादर विणायची असेल, किंवा मोराची चोच वाकडी का आली हे शोधायचं असेल, तर चादर बघून भागत नाही. कार्डंच लागतात. म्हणून ती जपून, क्रम न मोडता, दोऱ्यानं ओवून ठेवलेली असतात.

निबंध ही चादर आणि कच्चा डेटा ही कार्डं. प्रत्येक झाडाची, प्रत्येक भेटीची, प्रत्येक पानाची नोंद निबंधात जात नाही, पण ती कुठंतरी नीट ओवून ठेवावीच लागते. त्यासाठी आता खुली डेटा-भांडारं आहेत. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेनं २०१३ पासून चालवलेलं झेनोडो कुणालाही फुकट वापरता येतं. तिथं फाईल ठेवली की तिला डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा पत्ता, आणि तो पत्ता निबंधात द्यायचा.

कायमचा पत्ता का, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निबंधाचे जादाचे तक्ते मी तेव्हा जिथं शिकवत होते त्या विभागाच्या संकेतस्थळावर ठेवले आणि निबंधात तो दुवा छापला. पुढं संकेतस्थळ बदललं आणि दुवा मेला. एका संशोधकानं पत्र लिहून ते आकडे मागितले तेव्हा माझ्याकडची हार्ड डिस्कही बंद पडली होती. निबंध आजही वाचायला मिळतो, पण त्यातला एक निष्कर्ष आता कुणीच तपासू शकत नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निबंध आणि भांडार यांच्या मध्ये तिसरी जागा आहे, पूरक फाईल. जर्नल ती निबंधासोबत ऑनलाईन ठेवतं. शंका घेणारा जाणकार वाचक जे मागेल ते तिथं जातं. तिच्या चौदांतले सहा तिकडे गेले: शेतकऱ्यांना विचारलेली प्रश्नावली, वेगळ्या सांख्यिकी पद्धतीनं केलेली फेरतपासणी, तालुकावार सविस्तर आकडे, असे. बागांच्या माहितीचा एक पद्धतीत ठेवला. बाकीचे सात म्हणजे कच्च्या नोंदी होत्या, ते भांडारात. चिखलातून आणलेला तो रकानाही तिथंच गेला, एकही नोंद न गाळता.

पूरक फाईल म्हणजे अडगळीची खोली नव्हे. घाईत असलेले समीक्षक ती वरवर चाळतात आणि बहुतेक वाचक उघडतही नाहीत, म्हणून तिथं काय टाकायचं याची जबाबदारी लेखकावर जास्त येते. औषधाच्या चाचणीत फायद्याचा तक्ता निबंधात आणि दुष्परिणामांचा पूरक फाईलच्या चाळिसाव्या पानावर, असं मी पाहिलं आहे. तांत्रिकदृष्ट्या काही लपवलेलं नसतं, तरीही वाचकाची फसवणूक होते. आपल्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा तक्ता आत, निबंधातच हवा. तिच्याही कामात मृग बहारातल्या काही बागांत फवारणीचा काहीच उपयोग दिसला नव्हता. त्या ओळी मुख्य तक्त्यात राहिल्या.

पूरक तक्त्याची फाईल कुठल्या स्वरूपात द्यायची हेही बघा. पीडीएफमधला तक्ता डोळ्यांनी वाचता येतो, पण त्यातले आकडे गणिताला सहज घेता येत नाहीत. सीएसव्ही ही साधी मजकूर-फाईल उत्तम. एक्सेल वापरलं तर उघडून पुन्हा तपासा, कारण एक्सेल आपल्या मनानं बदल करतं. मानवी जनुकांत मार्च१ आणि सेप्ट१ अशी नावं होती. एक्सेलनं त्यांच्या तारखा करून टाकल्या. २०१६ मध्ये एका पाहणीत असं दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एकपंचमांशांत अशी चूक होती. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलून मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी केली. फाईलसोबत एक छोटी टीप हवी: कुठला रकाना म्हणजे काय, एकक कुठलं, रिकामा चौकोन म्हणजे शून्य की नोंदच नाही. हा शेवटचा खुलासा नसला तर डाग नसलेलं पान आणि तपासलंच नाही ते पान सारखंच दिसतं.

आणि काही तक्ते कुठंच जात नाहीत. तिच्या बागांच्या यादीत पहिल्या रकान्यात शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर होते. रोग पडलेल्या बागेचं नाव जाहीर झालं तर उद्या व्यापारी तिथं भाव पाडून मागेल. नावांच्या जागी संकेतांक आले आणि मूळ यादी तिच्या कुलूपबंद कपाटात राहिली. नुसतं नाव काढूनही भागत नाही. छोट्या गावातली "वय ८४, पुरुष, अमुक दुर्मीळ आजार" ही एक ओळ वाचून गावातलं शेंबडं पोरही माणूस ओळखेल. पक्ष्यांचंही तसंच. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे आणि हा पक्षी आता जगातच फार थोडा उरलाय. अशा पक्ष्याच्या घरट्याचे अक्षांश-रेखांश बिनचूक छापणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं. तिथं परिसराचा अंदाज देऊन थांबतात.

पानावरची जागा

राहिला तिचा मूळ प्रश्न: फाईलमध्ये तक्ता कुठं ठेवायचा? याला एकच उत्तर नाही, जर्नलच्या सूचना वाचाव्या लागतात. अनेक जर्नलं सगळे तक्ते संदर्भसूचीनंतर, प्रत्येक वेगळ्या पानावर मागतात. ही पद्धत शिशाच्या खिळ्यांच्या छपाईच्या काळातली आहे. तक्त्याची जुळणी वेळखाऊ आणि महाग असायची, रेघा आणि आकडे वेगळे जुळवावे लागायचे, म्हणून तक्त्याचा कागदही वेगळा द्यावा लागे. प्लॉस वनसारखी जर्नलं उलट सांगतात: ज्या परिच्छेदात तक्त्याचा पहिल्यांदा उल्लेख येतो, त्याच्या लगेच खाली ठेवा. दोन्हीकडे क्रमांक मात्र मजकुरात उल्लेख ज्या क्रमानं येतो त्याच क्रमानं. तक्ता ४ चा उल्लेख तक्ता ३ च्या आधी आला तर क्रमांक बदला. तक्त्याचं छायाचित्र चिकटवू नका, खऱ्या रकान्यांचा तक्ता द्या.

तक्ता मजकुराशिवाय एकटा वाचला तरी कळला पाहिजे, कारण पुष्कळ जण आधी तक्तेच बघतात. शीर्षक छोटं, आणि संक्षेपांचे अर्थ व खुलासे तळटिपेत. आतल्या आकड्यांबद्दल ए. एस. सी. एरेनबर्ग या संख्याशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये सांगितलेल्या गोष्टी मी अजून तशाच शिकवते. ज्या आकड्यांची तुलना करायची ते एकाखाली एक ठेवा, शेजारीशेजारी नको, कारण डोळा वरून खाली लवकर तुलना करतो. ओळी वर्णानुक्रमानं न लावता मोठ्याकडून छोट्याकडे लावा. आणि आकडे धीटपणे दोन सार्थ अंकांवर आणा. समजा पानांवरच्या डागांचं प्रमाण ३४.२७३ टक्के आलं. डोळ्यानं अंदाज घेऊन केलेल्या मोजणीत दशांशानंतरचे तीन अंक खोटी अचूकता दाखवतात. ३४ लिहा. तिनं लिहिलं, आणि सहा रकान्यांचा तक्ता आडवं पान न करता उभ्या पानात मावला.

छापताना पानांची जुळणी करणारा माणूस तक्त्याला पानाच्या वरच्या किंवा खालच्या कडेला ढकलतो. कधी तो पुढच्या पानावर जातो, कधी उल्लेखाच्याही आधी येऊन बसतो. म्हणून मजकुरात "खालील तक्त्यात" असं लिहू नये. "तक्ता २ मध्ये" लिहावं. हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

मार्चमध्ये निबंध स्वीकारला गेला आणि मे महिन्यात छपाईआधी तपासायची मुद्रितं आली. चार तक्ते, दोन आकृत्या. बागांच्या माहितीचा पाचवा तक्ता पद्धतीतून काढून पूरक फाईलमध्ये टाकायला संपादकांनी सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. सहाव्या पानावर मात्र एक "खालील तक्त्यात" राहून गेलं होतं. तक्ता होता पाचव्या पानाच्या वरच्या कडेला. तिनं लाल शाईनं तो शब्द खोडला, समासात "तक्ता ३ मध्ये" लिहिलं आणि त्याच दिवशी मुद्रितं परत पाठवली.